ओएस टाकताना कॉम्प्युटर मधेच रिस्टार्ट होतो, आठ दिवस झाले, मदत हवी (नागपूर)

मास्तरीणबाई_मानेवाडा · २० मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आठ दिवसांपासून एकाच जागी अडकले आहे, म्हणून हा धागा.

घरचा कॉम्प्युटर २०१५ मध्ये असेंबल करून घेतलेला. आय ५ ४४६० प्रोसेसर, एच ८१ चा मदरबोर्ड, ४-४ जीबीच्या दोन डीडीआर ३ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ च्या यादीत हा चौथ्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. म्हणून जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी लावली आणि लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला घेतलं.

भाषा, कीबोर्ड, वेळ सगळं नीट विचारून होतं. फाइल्स कॉपी व्हायला लागल्या की रिस्टार्ट! पट्टी कधी पाव भरते, कधी अर्धी. मिंटचाच दोष असेल म्हणून विंडोज १० परत टाकून पाहिलं. तिथे टक्के दिसतात, ते लिहून ठेवले: १८, ३१, २२, एकदा ६४. तीन पेनड्राइव्ह बदलून झाले.

बर्डीवरच्या एका दुकानात नेला. त्यांनी दहा मिनिटं चालू ठेवला आणि मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. या पिढीचा बोर्ड आता मिळत नाही, नवीन कॉम्प्युटर घ्या म्हणाले. मुलीचे इंजिनिअरिंग प्रवेशाचे अर्ज तोंडावर आलेत, मोबाइलवर तिला ते भरवत नाहीत, आणि नवीन घेण्याइतके पैसे सध्या नाहीत. खरंच बोर्ड गेला असेल का? बायोसमध्ये (ओएसच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) तासभर नुसता उघडा ठेवला तरी याला काही होत नाही.

लिनक्सवाला_धरमपेठ · २० मे, रात्री ९.४५

ताई, आधी दोन सोप्या शक्यता बाजूला काढू.

विंडोजचं इन्स्टॉल स्वतःहून दोन-तीनदा रिस्टार्ट होतं, तो त्याचा नेहमीचा क्रम आहे. पहिल्या रिस्टार्टनंतरही बूटच्या क्रमात पेनड्राइव्हच वर असेल, तर सगळं पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरू होतं आणि माणसाला वाटतं मशीन अडकलं. पण तुमचं कॉपी चालू असतानाच तुटतं, तेही दर वेळी वेगळ्या टक्क्यावर, म्हणजे हे ते नाही.

दुसरं, डाउनलोड अर्धवट असणं. फाइल पूर्ण उतरली का ते पडताळायचा एसएचए २५६ आकडा मिंटच्या साइटवर दिलाय, तो जुळवून पाहा. मात्र खराब फाइल किंवा खराब पेनड्राइव्ह असला तर बहुतेक वेळा एरर येऊन काम थांबतं. मशीन तडक रिस्टार्ट होत नाही. आणि दोन वेगळ्या ओएस, तीन वेगळे पेनड्राइव्ह, तरी तेच, म्हणजे मला हे हार्डवेअरच वाटतंय.

पुलगावकर · २० मे, रात्री १०.०५

माझंही असंच होतंय, पण माझा कोअर २ ड्युओ आहे. अटी टाळून विंडोज ११ टाकायला गेलो. लोगो येतो, रिस्टार्ट. लोगो येतो, रिस्टार्ट. इन्स्टॉलचा पहिला पडदासुद्धा दिसत नाही.

लिनक्सवाला_धरमपेठ · २० मे, रात्री १०.२०

पुलगावकर, तुमचं दुखणं वेगळं आहे आणि त्यात मशीनचा काही दोष नाही. विंडोज ११ च्या २४ एच २ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या ठरावीक आज्ञा, असाव्याच लागतात. कोअर २ ड्युओमध्ये पॉपकाउंट नाही. विंडोजचा गाभाच तिथे उभा राहू शकत नाही, म्हणून गोल गोल फिरतं. रॅम, एसएसडी काही बदलू नका, पैसे वाया जातील. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, रॅम तेवढी ४ जीबी असू द्या. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे ताईंचं होऊ द्या.

बर्डीचा_भाऊ · २० मे, रात्री ११.१५

ताई, मी दुरुस्तीचंच काम करतो, पंधरा वर्षं झाली. दहा मिनिटांत बोर्ड गेला सांगणाऱ्याचं मनावर घेऊ नका. बोर्ड ही शेवटची गोष्ट. आधी बाकी सगळं तपासून हात टेकायचे, मग बोर्डाचं नाव घ्यायचं.

पहिले मले एक सांगा. तुम्ही "रिस्टार्ट" म्हणता, म्हणजे नेमकं काय होते? पडदा काळा होऊन आपोआप लोगो येते, का मशीन पूर्ण बंद पडते आणि तुम्ही बटण दाबून चालू करता? गिऱ्हाईक या दोन्हीले रिस्टार्टच म्हणते, पण याची कारणं वेगळी असतात. तापलेला प्रोसेसर स्वतःले वाचवायले वीज तोडून टाकते, मशीन बंद पडून राहते. आणि पुरवठ्यात गडबड असली का बोर्ड रिसेट होते, लोगो लगेच परत येते.

बायोसमध्ये तासभर चालते याच्यावर जाऊ नका. तिथं मशीन बसून असते. इन्स्टॉलच्या वेळी मोठी दाबून भरलेली फाइल उलगडायची असते, सगळे कोअर कामाले लागतात, एसएसडी लिहीत असते, रॅम भरते. साठी उलटलेला माणूस खाटेवर बसला असला तर धडधाकटच दिसते, जिना चढायले लावा मग समजते.

उद्या मोबाइल समोर उभा करून पूर्ण इन्स्टॉलचा व्हिडिओ काढा. विंडोजचा एररचा निळा पडदा क्षणभर येऊन गेला तरी सापडते. आणि दिवसा एकदा, रात्री एकदा करून पाहा.

मास्तरीणबाई_मानेवाडा · २१ मे, रात्री १०.३०

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी चमकले. दोन्ही होतं! आणि मी दोन्हीला एकच नाव देत होते.

आज दुपारी दोनला केलं, १८ टक्क्यांवर पूर्ण बंद. बटण दाबलं तर दोन सेकंद पंखा फिरला आणि परत बंद. पाच-सात मिनिटांनी चालू झाला. रात्री साडेनऊला केलं, तेव्हा ४१ पर्यंत गेला, काळं झालं आणि बटणाला हात न लावता लोगो आला. व्हिडिओत निळा पडदा कुठेच नाही, कसलीही अक्षरं नाहीत. चित्र असतं, पुढच्या क्षणी नसतं.

बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान ८१ दाखवतंय. हे जास्त आहे का?

बर्डीचा_भाऊ · २१ मे, रात्री १०.५०

नुसतं बसून ८१ म्हणजे लय जास्त. चाळीस-पन्नासच्या आसपास पाहिजे, या उन्हात पाच-सात अंश वर धरा.

मशीनचं एक बाजूचं पान काढा. त्याआधी मेन स्विच बंद, वायर भिंतीतून काढलेली. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याच्याखालचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, चार काळ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसलेला असते. बोटानं हलवून पाहा. हलला तर रोग सापडला. मग चारी खुंट्या बाणाच्या दिशेनं फिरवून काढा, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडं नेणारी जुनी पेस्ट पुसा, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नवीन लावा. बसवताना आमोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन-दोन खुंट्या एकदम दाबा, "टक" आवाज आला पाहिजे.

मास्तरीणबाई_मानेवाडा · २२ मे, सायंकाळी ६.४०

केलं. मुलीने टॉर्च धरला, मी उघडला.

हीटसिंक हलत होता. चारपैकी एक खुंटी वर आलेली, त्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट. खालची पेस्ट पांढरी पडून पापुद्रा झालेली, कापडाने पुसताना पिठासारखी झडली. आणि धूळ! आमचा कॉम्प्युटर कूलरच्या समोर असतो. नुसती कोरडी धूळ असती तर फुंकून गेली असती, पण कूलरच्या ओलसर वाऱ्यात ती पंखा आणि हीटसिंकच्या मधे नमद्यासारखी घट्ट बसली होती. चिमट्याने काढली तर अख्खा चौकोनी तुकडा निघाला.

आता बायोसमध्ये ४९. दुपारी तीनला, बाहेर ४४ असताना. दोनदा इन्स्टॉल करून पाहिलं, बंद एकदाही पडला नाही.

पण रिस्टार्ट अजून होतो. एकदा ७२ वर, एकदा ३८ वर.

लिनक्सवाला_धरमपेठ · २२ मे, सायंकाळी ७.१५

म्हणजे दोन दुखणी एकत्र होती आणि एक गेलं. ताई, नाउमेद होऊ नका, हे पुढे सरकणंच आहे. एरवी असं असलं की माणूस पेस्ट बदलून बघतो, रिस्टार्ट राहतो, आणि "पेस्टचा उपयोग झाला नाही" म्हणून भलत्याच दिशेला जातो.

आता रॅम. एक काढून एकीवर इन्स्टॉल करून पाहा, मग दुसरीवर. शिवाय मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा. एकसुद्धा लाल ओळ आली तर ती रॅम गेली समजा, थोडीशी खराब रॅम असा प्रकार नसतो. बायोसमध्ये रॅमचा वेग हाताने वाढवलेला असेल तर मूळ सेटिंगवर आणा.

मास्तरीणबाई_मानेवाडा · २३ मे, सकाळी ८.२०

रात्री साडेदहा ते सकाळी साडेसात, नऊ तास. एरर शून्य. एकेका रॅमवर इन्स्टॉलही करून पाहिलं, दोन्हींवर रिस्टार्ट झालाच. एसएसडीची वायर बदलून दुसऱ्या पोर्टला लावली, तरी तेच.

रात्रभर मेमटेस्ट चालतो म्हणजे मशीन नऊ तास सुरूच होतं ना? मग इन्स्टॉलच्या पंधरा मिनिटांतच याला काय होतं?

खामल्याचे_काका · २३ मे, सकाळी १०.००

बाई, मी विजेच्या खात्यातून निवृत्त झालो. कॉम्प्युटरमधलं या मुलांइतकं मला कळत नाही, पण तुमचा तो परवा रात्रीचा व्हिडिओ पुन्हा एकदा पाहाल का? पडद्याकडे पाहू नका. आवाज मोठा करा, आणि मागच्या भिंतीवर ट्यूबलाइट दिसत असेल तर तिच्याकडे पाहा.

मास्तरीणबाई_मानेवाडा · २३ मे, सकाळी १०.४०

काका, तुम्हाला कसं कळलं?

व्हिडिओत कूलरचा एकसारखा आवाज आहे. पडदा काळा होण्याच्या अगदी आधी स्वयंपाकघरातून "खट्" आणि मग फ्रिजची घरघर. त्याच वेळी भिंतीवरचा उजेड एकदा मिचकतो, इतका पुसट की मी चारदा मागे नेऊन पाहिला. काल रात्रीचा दुसरा व्हिडिओ लावला, त्यातही तेच. मुलगी म्हणते, आई, फ्रिज चालू झाला की रिस्टार्ट होतो!

खामल्याचे_काका · २३ मे, सकाळी ११.३०

फ्रिजचा दोष नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि कूलर, फ्रिज, कॉम्प्युटर एकाच जुन्या वायरीवर असले की तेवढ्यापुरतं व्होल्टेज बसतं. मेच्या अखेरीला तर सगळ्या वस्तीचे कूलर एकाच डीपीवर (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर) ओढत असतात, २३० च्या जागी घरात २०० सुद्धा दिसतात. तरी धडधाकट एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, असला झटका कळतही नाही. वीज पूर्ण गेली तरी तो पंधरा-सोळा मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर काढतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे जवळजवळ एक आख्खं आवर्तन.

तो साठा असतो आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये. कपॅसिटरमधलं द्रव उष्णतेने सुकत जातं. दर दहा अंश वाढले की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्याकडचा ठोकताळा. आपल्या गावाने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत, आज बरोबर तीच तारीख आहे. इथे दहा उन्हाळे काढलेला कपॅसिटर पुण्यातल्या कपॅसिटरच्या बरोबरीने कसा टिकेल?

बर्डीचा_भाऊ · २३ मे, दुपारी १२.१०

काका, मानलं तुम्हाले! मी एसएमपीएसवर येऊनच राहिलो होतो, पण व्हिडिओतला फ्रिज मले सुचला नसता.

ताई, जोड देतो. एसएमपीएसमधून बोर्डाकडे एक करडी वायर जाते, तिले पॉवर गुड म्हणतात. तिच्यावर ५ व्होल्ट आहे तोवर बोर्ड म्हणते पुरवठा ठीक आहे. आतला पुरवठा हलला का ते ५ व्होल्ट जातात, आणि बोर्ड त्याच क्षणी प्रोसेसरले रिसेट करून टाकते. विंडोजले, मिंटले काही लिहायलेसुद्धा वेळ भेटत नाही. म्हणूनच तुमच्या व्हिडिओत ना निळा पडदा, ना अक्षर. मेमटेस्ट रात्रभर चालला कारण त्याचा भार इन्स्टॉलएवढा नसते. त्यानं रॅम सुटली, एसएमपीएस नाही सुटला.

घरी मल्टिमीटर असला तर हार्ड डिस्कच्या मोकळ्या चार पिनांच्या जोडात काळी पिन काळ्या वायरीत, लाल पिन पिवळ्या वायरीत लावून मोजा. १२ व्होल्टले पाच टक्के इकडं-तिकडं चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. इन्स्टॉल चालू असताना मोजा, नुसतं बसून नको.

आणि एक हात जोडून सांगतो: एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आत तीनशे व्होल्टच्या वर साठून राहू शकते. बाहेरच्या जाळीतून टॉर्च मारून पाहा, बस.

मास्तरीणबाई_मानेवाडा · २४ मे, रात्री ९.००

शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला.

बायोसमध्ये ११.६४. इन्स्टॉल सुरू केलं, ११.५२. फाइल्स कॉपी व्हायला लागल्या आणि ११.३१. मुलगी एकेक आकडा मोठ्याने वाचत होती, मी लिहीत होते. ११.२९, ११.३०, ११.२७. मग स्वयंपाकघरात "खट्", तिने "अकरा पॉइंट" म्हटलं आणि पुढचा आकडा वाचायच्या आत पडदा काळा.

जाळीतून टॉर्च मारला. दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकाच्या कडेला तपकिरी चिकटा सुकलेला. डब्यावर ४५० वॅट छापलंय. आमच्या मशीनला एवढे लागतच नाहीत ना?

बर्डीचा_भाऊ · २४ मे, रात्री ९.२५

नाही लागत. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा, ग्राफिक्स कार्ड नाही, सगळं मिळून दीडशेच्या आत. डब्यावरच्या आकड्यानं काही होत नाही, आतला माल पाहिजे. लगेच विकत नका घेऊ. कोणाकडून तरी चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून आणा, लावून पाहा, मग पैसे काढा. कॅबिनेटमध्ये बसवायचीही गरज नाही, शेजारी टेबलावर ठेवून २४ पिनचा मोठा जोड, प्रोसेसरचा ४ पिनचा आणि एसएसडीचा, तीनच लावायचे.

मास्तरीणबाई_मानेवाडा · २५ मे, रात्री ८.५०

शेजारच्या मुलाने त्याच्या मशीनमधला काढून दिला. नवतपा आजपासून लागला, घरात कूलर लावूनही घाम निथळतोय, आणि आम्ही तिघं टेबलाभोवती उभे.

मिंट सुरू केलं. पट्टी अर्ध्यावर असताना फ्रिज लागला. ट्यूबलाइट मिचकली. पडदा जसाच्या तसा!

मुद्दाम फ्रिजचं दार उघडं ठेवलं, म्हणजे तो पुन्हा लागेल. लागला. काही झालं नाही. तेरा मिनिटांत इन्स्टॉल पूर्ण. मग सगळं पुसून पुन्हा एकदा केलं, खात्रीसाठी. तेही पूर्ण.

काका, भाऊ, लिनक्सवाले दादा, माझ्याकडे शब्द नाहीत. मदरबोर्ड शाबूत आहे.

खामल्याचे_काका · २५ मे, रात्री ९.३०

बरं वाटलं वाचून. आता एक काम राहिलं, ते कॉम्प्युटरपेक्षा महत्त्वाचं. कूलर, फ्रिज आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शनवर असतील तर उद्याच वायरमन बोलावून वेगळे करून घ्या, आणि कूलरचं अर्थिंग तपासून घ्या. लोखंडी टाकी, पाणी, ओले हात. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात, लहान मुलं जातात. पाणी भरताना प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पुलगावकर · २६ मे, सकाळी ९.१५

माझं मिंट एक्सएफसीई बसलं. पहिल्याच फटक्यात. धन्यवाद. ताई, नवीन एसएमपीएस कोणता घेतला ते लिहा, माझाही दहा वर्षांचा आहे.

मास्तरीणबाई_मानेवाडा · २७ मे, सायंकाळी ५.३०

काका, वायरमन आला होता. तिन्ही एकाच वायरीवर होते, आणि कूलरच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणीतरी कधीतरी कापून टाकलेली. आम्हाला माहीतच नव्हतं. आठ वर्षं मुलगी त्याच कूलरमध्ये पाणी भरते आहे. प्लग बदलला, अर्थिंग नवीन केलं, फ्रिजची लाइन वेगळी काढली.

पुलगावकर, बर्डीच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेला ४५० वॅटचा घेतला, पाच वर्षांची वॉरंटी. बिल जपून ठेवलं आहे. शेजारच्या मुलाचा त्याला परत केला.

कॉम्प्युटर आता कूलरच्या समोरून हलवून बाजूच्या भिंतीला ठेवला आहे. आज दुपारी मुलीने प्रवेशाची माहितीपुस्तिका त्याच्यावर उघडून कॉलेजांची यादी करायला घेतली. दोन तास बसली होती. मधे फ्रिज दोनदा लागला, दोन्ही वेळा ती टायपिंग थांबवून पडद्याकडे बघत राहिली.